नदीतला काळा चौकोन

ही गोष्ट खरी आहे.

एवढंच सांगते आणि पुढे जाते, शपथा घेत बसायची मला सवय नाही. मी प्रांजल. मुलुंडला राहते, बँकेत काउंटरवर बसते, अमावस्येला केस धुते आणि तिन्हीसांजेला नखंसुद्धा कापते. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर भरपूर टिंगल केली आहे. त्यामुळे तुम्हाला हसायचं असेल तर खुशाल हसा.

फक्त शेवटपर्यंत वाचा आणि मग हसा.

आणि हो, रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपार होती. दोन हजार चोवीस साल, दसरा नुकताच झालेला, गुरुवार. ठिकाण कांजूरमार्ग पूर्व, तिसऱ्या मजल्यावरचं घर. खाली पोरं क्रिकेट खेळत होती. समोरच्या खिडकीत कोणीतरी दिवाळीसाठी जळमटं काढत होतं. गॅलरीतल्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता, असं ऊन.

ते घर माझ्या मावसबहिणीचं. रुचिरा परब. आम्ही तिला रुची म्हणतो.

त्या घरात दोनच माणसं. रुची आणि तिचे बाबा, आमचे धोंडूकाका. मावशी गेली त्याला बरीच वर्षं झाली. रुचीने लग्न केलं नाही. लोक विचारायचे तेव्हा म्हणायची, "माझा बाप कोणी सांभाळणार आहे का? मग उगाच कशाला चौकशा करता?" काका गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी केली, वडापावची गाडी लावली, पण पोरीला शिकवलं. सत्तरी ओलांडली तरी रोज सकाळी मासळी आणायला स्वतः जायचे आणि कोळणीशी भांडून यायचे. रुचीचं अख्खं जग म्हणजे तो म्हातारा. हे लक्षात ठेवा, कारण सगळं त्याच्यावरच बेतलं.

आता रुचीच्या कामाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

अंधेरीला एक छोटी कंपनी आहे. परदेशातले जुने नकाशे तिथे कॉम्प्युटरवर नव्याने काढतात. कागदी नकाशाचा मोठा फोटो स्क्रीनवर उघडायचा आणि त्याच्यावरून एकेक गोष्ट गिरवत जायची. रस्ता दिसला, रस्ता काढा. डोंगर दिसला, डोंगराच्या रेषा काढा. छोटा काळा चौकोन म्हणजे घर. असे हजारो चौकोन रुचीने गिरवले असतील. कुठले कुठले देश, कुठली कुठली गावं. तिकडे कधी जायचं नाही, कोणाला ओळखायचं नाही. आठवड्यातले काही दिवस ती हे काम घरूनच करायची.

त्या गुरुवारी तिच्यासमोर एक सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा नकाशा होता.

पार उत्तरेकडचं एक गाव. देशाचं नाव मी सांगणार नाही. सूर्य जिथे हिवाळ्यात नीट उगवतसुद्धा नाही, तिथलं. एक भलीमोठी नदी, वर्षातले कितीतरी महिने गोठलेली. नदीच्या काठाने घरांची एक ओळ. टोकाला चर्च, त्याच्या मागे दफनभूमी. आजूबाजूला नुसतं जंगल आणि दलदल. रस्ता नाही. यायचं नदीतून, जायचं नदीतून.

आज तिथे कोणीच राहत नाही, असं कामाच्या सूचनेत लिहिलेलं होतं.

रुची घरं गिरवत होती. टेबलाला लागून कॉट, कॉटवर काका चहा पीत बसलेले. त्यांना तिचं काम बघायला आवडायचं. मध्ये मध्ये शेरे चालूच असायचे.

"ह्या काय गो, निळा?"

"नदी आहे बाबा."

"बापरे! आमच्या खाडयेच्या धा पट असतली."

एवढ्यात स्क्रीनवर लाल खूण आली.

त्यांच्या कॉम्प्युटरला काही नियम घालून दिलेले असतात. नियम मोडला की लाल होतं. इथला नियम साधा होता. पाण्यात घर असू शकत नाही.

रुचीने जवळ जाऊन पाहिलं. नदीच्या अगदी मधोमध, काठापासून लांब, एक काळा चौकोन होता.

शाईचा डाग नव्हता. कागदाला पडलेलं भोक नव्हतं. बाकीच्या घरांसारखंच, चारी कोपरे रेखीव असलेलं एक घर.

पाण्यात.

तिने टीम लीडरला फोन लावला. धम्मपाल त्याचं नाव. पोरगा चांगला, पण कायम घाईत.

"शिफ्ट झालं असेल गं छापताना. उचल आणि काठावर टाक."

"अरे पण कुठलं घर ते कसं कळणार? काठावरची सगळी घरं जागेवर आहेत."

"रुची, यार, पुढच्या आठवड्यात डिलिव्हरी आहे. ओळीत टाकून दे ना कुठेतरी. कोण जाणार आहे तिकडे बघायला?"

बरोबरच बोलत होता तो. सगळे हेच करतात. रुचीनेही याआधी शंभर वेळा केलं असेल. तळ्यातला गोठा उचलून शेतात ठेवायचा, समुद्रातली झोपडी उचलून वाळूवर ठेवायची. लाल गेलं की काम झालं.

काकांनी सगळं ऐकलं होतं. ते पुढे वाकले.

"पाण्यात खय घर असता? काठार आण तेका. बुडात मां."

"आणते हो."

रुचीने माऊसने तो चौकोन पकडला आणि ओढायला लागली. तेव्हा काका स्क्रीनकडे बघून, दारात कोणी संकोचून उभं असावं तसं, मायेने म्हणाले,

"ये गो बाये. वर ये. बस."

रुचीला हसू आलं. "बाये? बाई आहे हे कशावरून?"

काका जरा गोंधळले. "माका काय म्हायत? तोंडात इला, बोललंय."

तिने चौकोन ओळीच्या शेवटी, काठावर सोडला. लाल खूण गेली.

आणि आवाज गेला...

आधी तिला कळलंच नाही काय झालं ते. पंखा फिरत होता, पण पंख्याचा आवाज नव्हता. खालच्या पोरांचा कालवा नव्हता. कोणाचा कुकर नाही, कावळा नाही, गाडीचा हॉर्न नाही. तिने गॅलरीतून वाकून पाहिलं. पोरं खेळत होती. बॅट फिरली, चेंडू गेला, पोरांची तोंडं उघडली. आवाज नाही.

मग तिच्या लक्षात आलं की वाससुद्धा गेलाय.

कांजूरच्या लोकांना सांगायला नको. कचऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडचा वास. दुपार कलली की येतोच. खिडक्या लावा, अगरबत्त्या लावा, तो घरातलाच एक माणूस असतो. त्या दुपारी तो नव्हता. त्याच्या जागी ओल्या लाकडाच्या धुराचा वास येत होता आणि त्याच्या मागे गारठा...

मग कुठूनतरी आवाज आला.

कड्... कड्...

बर्फाच्या ट्रेवर गरम पाणी ओतलं की बर्फ तडकतो ना, तसा. फक्त खूप मोठा. आणि फरशीच्या खालून. खाली दुसरा मजला आहे, तिथे एक शिक्षक राहतात.

"बाबा, ऐकलंत?"

काका कॉटवर भिंतीकडे सरकले होते. शेजारी एका माणसापुरती जागा झाली होती.

"थंडी वाजता गो," ते म्हणाले.

पुढच्याच क्षणी सगळं पूर्ववत झालं. पंखा घरघरला, खाली कोणीतरी "आउट आहे रे!" म्हणून ओरडलं, वास आला. रुचीने स्वतःला समजावलं की कानाला दडे बसले असतील. दिवसभर हेडफोन घातल्यावर होतं असं. तिने फाईल पाठवून दिली आणि रात्रीच्या भाताची तयारी केली.

शुक्रवारी काकांनी गोधडी मागितली.

ऑक्टोबरमध्ये! मुंबईत! रुचीने आधी चेष्टा केली. मग त्यांचा हात हातात घेतला. तो हात फ्रिजमधून काढलेल्या पातेल्यासारखा होता.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी येऊन तपासलं. नाडी ठीक, बीपी ठीक, छाती साफ. थर्मामीटर लावला, पारा चढेचना. झटकला, परत लावला. मग म्हणाले, "हा बिघडला वाटतं. दुसरा आणतो." दुसऱ्यानेही तेच सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. "ऊब द्या. दोन दिवसांत फरक नाही पडला तर ॲडमिट करू."

रुचीने गरम पाण्याच्या पिशव्या दिल्या. तळपायाला सुंठ चोळली. शेजाऱ्यांकडून हीटर आणला. खोली नुसती भट्टी झाली, तिचा स्वतःचा गाऊन घामाने भिजला, आणि काका गोधडीत कुडकुडत होते. नखं निळी पडायला लागली होती.

विचित्र गोष्ट म्हणजे ते खुशीत होते.

"चाय दी गो रुचे. तिका पण दी."

"कोणाला बाबा?"

"हय बसली हा ती. थकली हा बापडी."

रुचीला वाटलं, झालं, म्हातारपणाचं भ्रमिष्टपण सुरू झालं. तिने दुसरा कप आणून ठेवला. म्हाताऱ्या माणसाशी वाद काय घालायचा?

थोड्या वेळाने ती कप उचलायला आली. काकांचा कप रिकामा होता.

दुसऱ्या कपातला चहा तसाच होता. वर बर्फाचा पापुद्रा धरलेला.

हे सगळं रुचीने मला तेव्हा सांगितलं नाही. फोनवर फक्त "बाबांना बरं नाहीये गं" एवढंच. तिची हीच तर खोड आहे, सगळं एकटीने झेलायचं. सांगितलं असतं तर मी तेव्हाच धावत आले असते. अजून राग येतो मला तिचा.

सोमवारी दुपारी तिला जरा डुलकी लागली. जाग आली ती खालच्या वॉचमनच्या हाकांनी.

"दीदी! जल्दी आओ! काका को देखो!"

कॉट रिकामी होती. दार सताड उघडं होतं.

त्यांच्या बिल्डिंगच्या मागे जमिनीखाली पाण्याची टाकी आहे. तिच्यावर लोखंडी झाकण. टाकी साफ करायला माणसं येतात तेव्हा दोघं मिळून, पहार घालून ते उचलतात. त्या दिवशी ते झाकण बाजूला पडलं होतं. आणि काका टाकीच्या तोंडाशी, पाय आत सोडून, घाटावर बसावं तसे बसले होते. खांद्यावर टॉवेल होता. वॉचमनने मागून दोन्ही हातांनी त्यांना धरून ठेवलं होतं.

"झाकण किसने खोला?" रुची किंचाळली.

"पता नहीं दीदी. मैं आया तब खुला था. इतना ठंडा हाथ है इनका, देखो ना."

दोघांनी मिळून त्यांना वर आणलं. रुचीने त्यांना कॉटवर बसवलं, त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि रडायलाच लागली.

"काय चाललंय बाबा तुमचं? कुठे निघाला होतात?"

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो गार हात तिला टाळूपर्यंत झोंबला.

"रडतंस कित्याक? तिची जागा रिकामी झाली थय. रिकामी ऱ्हवान कशी चलात? कोणीतरी जावक होया. मी जातंय म्हटलंय."

"कुठली जागा?"

"नदीतली," काका म्हणाले. "तूच नाय काढलस तिका वर?"

तेव्हा रुचीला सगळं कळलं. घाम फुटावा अशा त्या खोलीत तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

मग तिने मला फोन केला. आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं.

मी हसले नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही. तिचा आवाजच तसा होता. मी म्हटलं, "मी काकांजवळ बसते. तू ऑफिसला जा आणि ते घर होतं तिथे ठेवून ये." फाईल आता तपासणीसाठी धम्मपालकडे होती, घरून उघडता येत नव्हती. मंगळवारी मी रजा टाकली आणि सकाळीच कांजूरला पोचले. रुची रिक्षा करून अंधेरीला गेली.

धम्मपालने तिचा अवतार बघितला आणि खुर्चीतून उठलाच.

"काय गं, झालंय काय तुला?"

"ती नदीची फाईल उघड. तो पाण्यातला चौकोन मला परत पाण्यात टाकायचाय."

"वेडी आहेस का? पास झाली ती फाईल. संध्याकाळी जातेय."

"उघड म्हणते ना!"

त्याने उघडली. रुचीने आधी जुन्या कागदाचा फोटो उघडून बघितला. चौकोन नक्की कुठे होता ते बघून तिथेच ठेवायचा, असा तिचा विचार.

नदी रिकामी होती.

फोटोतली. कागदावरची. सत्तर वर्षांपूर्वी छापलेली नदी... तिच्यात काहीच नव्हतं. आणि काठावर, ओळीच्या शेवटी, एक काळा चौकोन होता. बाकीच्या घरांसारखाच जुन्या शाईत छापलेला.

"हे बघ, आहे की काठावरच," धम्मपाल म्हणाला. "तू हलवलंस कुठे?"

"तूच मला फोनवर सांगितलंस ना, उचल म्हणून!"

"ते आठवतंय मला," धम्मपाल सावकाश म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "तू फोन केलास तेव्हा मी पण उघडून पाहिला होता गं तो. पाण्यात."

त्याच वेळी मी फोन केला.

कारण इकडे माझी पाचावर धारण बसली होती. खिडकीतून ऊन येत होतं. मी पदराने वारा घेत होते. काका आडवे होते, डोळे मिटलेले, आणि त्यांच्या तोंडातून श्वासाबरोबर वाफ निघत होती. महाबळेश्वरला पहाटे निघते तशी. पांढरी. मी माझ्या डोळ्यांनी बघितली आहे. आणि प्रत्येक श्वासानंतर पुढचा श्वास यायला जास्त वेळ लागत होता.

त्यांच्या वाफेच्या बाजूला आणखी एक वाफ निघत होती... हे मी तेव्हा रुचीला बोलले नाही.

"रुची, लवकर कर," मी एवढंच म्हटलं. "काका चाललेत."

"फोन ठेवू नकोस," ती म्हणाली.

तिने चौकोन पकडला आणि नदीत ओढला. सोडला. चौकोन टुणकन परत काठावर गेला.

परत ओढला. परत काठावर.

"नियम आहे तो," धम्मपाल म्हणाला. "पाण्यात घर घेतच नाही. मी काल सगळ्या फाईलींना लॉक मारलं."

"काढ तो नियम."

"रुची, क्लायंट सगळं काम रिजेक्ट करेल, वाट लागेल माझी..."

"माझा बाप मरतोय रे!"

अख्खं ऑफिस वळून बघायला लागलं. धम्मपाल खाली वाकला, काहीतरी टाईप केलं आणि म्हणाला, "टाक."

रुचीने चौकोन पकडला. आता तो सुटला नाही. पण तो ओढताना माऊस जड झाला, असं ती सांगते. टेबलावरून सरकेचना. आणि थंडगार पडला. तिने दुसऱ्या हाताने पहिला हात धरला आणि ओढला.

इकडे काकांनी खाडकन डोळे उघडले.

"नको गो!" ते ओरडले. फोन माझ्या हातात, तिकडे रुची ऐकतेय. "रुचे, तिका ढकलू नको! ती हातापाया पडता गो! परत पाण्यात नको म्हणता!"

रुचीचा हात थांबला.

ते क्षण मी विसरू शकत नाही. फोनवर मला तिचा श्वास ऐकू येत होता. आमची रुची म्हणजे रस्त्यावरच्या मांजराला खोक्यात घालून डॉक्टरकडे नेणारी बाई. आणि तिच्या हाताखाली कोणीतरी होती. कोण होती, कधी बुडली, बर्फ फुटून घरासकट गेली की काय झालं तिचं, देव जाणे. इतक्या वर्षांनी कोणीतरी "वर ये" म्हटलं म्हणून आलेली.

"माफ कर गं बाई," रुची फोनवर हळूच म्हणाली. मला नाही, तिला. "मला एकच बाप आहे."

आणि तिने चौकोन नदीच्या मधोमध सोडला.

कड्ड!

इतका मोठा आवाज की मी कॉटवरून उडाले. सगळी जमीन दुभंगली असं वाटलं. मग एकदम शांत... आणि मग शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. पंखा घरघरला. आणि डम्पिंगचा तो घाणेरडा, सडका वास भसकन घरात आला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या वासाला हात जोडले.

काकांच्या कपाळाला हात लावला. घाम!

"प्रांजू, तू कधी इलंस?" ते म्हणाले. "एवढी पांघरुणा कोणी घातल्यान माज्यार? जीव घेतास काय?"

मी रडत रडत हसले. फोनवर रुची ते सगळं ऐकत होती आणि ऑफिसच्या मधोमध जमिनीवर बसून ती पण तेच करत होती.

धम्मपालने तो चौकोन नदीतच ठेवून फाईल पाठवली. पुढे त्याला कोणी काही विचारलं नाही.

रुची संध्याकाळी घरी आली. वाटेत तिने चर्चमध्ये मेणबत्ती लावली होती आणि देवळात नारळही फोडला होता. कोणाला काय पोचतं कोणास ठाऊक, म्हणाली. मी मऊ पेज केली होती. काका पोटभर जेवले, लोणचं मागून घेतलं, माशांचे भाव वाढलेत म्हणून सरकारला शिव्या दिल्या. अगदी आमचे काका. रुची त्यांच्याकडे नुसती बघत बसली होती.

जेवण झाल्यावर काका कॉटवर टेकले. जरा वेळाने म्हणाले,

"गेली ती."

रुचीने मान खाली घातली. "हो बाबा."

"रडत गेली बापडी."

"मला दुसरा इलाज नव्हता बाबा."

"नाय गो, तुझो दोष नाय." काकांनी कुशीला गोधडी ओढून घेतली, तिच्यात नीट खळगा केला. मग हलक्या हाताने त्या खळग्यावर थोपटायला लागले. एक... दोन... एक... दोन...

"पोराक मात्र हय ठेवन गेली," ते म्हणाले. "बरा केल्यान. थय पाण्यात खय नेतली तेका?"



नकाशावर घर म्हणजे एक काळा चौकोन. त्यात माणसं किती, हे तो कधीच सांगत नाही. रुचीने घर परत नेऊन ठेवलं होतं. जी घरात परत गेली ती गेली. जे गेलंच नाही, ते आता नेऊन कुठे ठेवायचं? त्याच्यासाठी नकाशावर काहीच नाही. पकडायला नाही, ओढायला नाही.

याला आता वर्ष होत आलं. काका ठणठणीत आहेत. परत मासळी आणतात, परत भांडतात. डॉक्टर म्हणतात, या वयात अशी तब्येत भाग्याने मिळते. अंग गरम, नखं गुलाबी. फक्त कॉटवर त्यांच्या आणि भिंतीच्या मधली एक हातभर जागा गार असते. तिथे रुची हात लावत नाही. मी एकदा लावला होता. परत लावणार नाही.

रुची दुसऱ्या नोकरीत आहे. नकाशे नाहीत तिथे. ती बरीच वाळली आहे. घर बदल म्हटलं तर म्हणते, "बाबा येणार नाहीत. आणि आले तरी एकटे येतील का?"

गेल्या रविवारी मी गेले होते. दुपारचीच वेळ, खाली पोरं खेळत होती. मी कॉटवर बसणार एवढ्यात काका म्हणाले, "खयव बस गो, आता कॉट मोकळी हा."

मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, सुटलो एकदाचे. मी रुचीकडे बघितलं. ती खुर्चीत पाय वर घेऊन, गुडघे छातीशी धरून बसली होती. ती हसली नाही.

"गेलं का काका ते?" मी विचारलं.

काका कौतुकाने फरशीकडे बघत होते. त्यांची नजर टेबलाखालून हळूहळू सरकत माझ्या दिशेने येत होती.

"खय जातला?" ते म्हणाले. "आता ता रांगूक लागला."

मी पाय वर घेतले.